आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी

जुन्या पेट्रोल ट्रकचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिनाचं संथ चालणं, बिघडलं की हात आपोआप कार्बोरेटरकडे जातो. दोन स्क्रू समोरच दिसतात (एक थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दुसरा मिक्श्चरचा, म्हणजे आयडलिंगच्या पेट्रोलचा), स्क्रू ड्रायव्हर हाताशी असतो आणि पाव फेरा फिरवला तरी आवाजात फरक पडतो. फरक पडला म्हणजे रोग सापडला असं वाटून माणूस आणखी फिरवत सुटतो. माझ्याकडे आलेल्या ट्रकवर हा उद्योग आधी कुणीतरी मनसोक्त केलेला होता. दोन्ही स्क्रूंच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

इंजिन सरळ रांगेतलं, सहा सिलिंडरचं. एका बॅरलचा कार्बोरेटर आणि पॉइंटवरचं, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन धातूच्या तोंडांनी ठिणगी पाडणारं इग्निशन. मॅन्युअलप्रमाणे इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग मिनिटाला ५०० ते ५५० फेऱ्यांचं हवं. टॅकोमीटर लावला तर काटा ९०० च्या पुढेमागे झुलत होता. एवढा वेग असूनही इंजिन असं हलायचं की एअर क्लीनरवर ठेवलेला पाना सरकत सरकत कडेला यायचा. पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज. किल्ली बंद केली तरी इंजिन लगेच थांबायचं नाही, दोनचार आचके देऊन, खोकून मग गप्प व्हायचं. वेग कमी करावा म्हणून थ्रॉटलचा स्क्रू थोडा मागे घेतला की तिथल्या तिथे बंद. म्हणजे दुखणं शोधायचं सोडून कुणीतरी इंजिनाला कायमची थोडी रेस देऊन ठेवली होती.

कार्बोरेटरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, असं मी ठरवलं. ठिणगी चुकली काय, मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) काय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरली काय, सीटवर बसलेल्याला तिन्ही गोष्टी सारख्याच जाणवतात. ठिणगीची बाजू पक्की नसताना मिश्रण जुळवायला बसलं तर ते चुकणाऱ्या ठिणगीच्या मापाने जुळतं, आणि पुढे प्लग बदलले की सगळं पुन्हा विस्कटतं.

प्लग थंड इंजिनातून काढले. आधी प्रत्येक प्लगच्या खळग्यात हवा मारून घेतली, कारण तिथं साठलेली माती प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडते. वायर काढताना वायरीला धरून ओढायचं नाही. टोकाची रबरी टोपी धरून अर्धा पीळ द्यायचा आणि मग ओढायची. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणग्या पडण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ तोंडपाठ आहे, तरी वायरींवर चिकटपट्टीने नंबर टाकले. सहा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात प्लग सिलिंडरच्या क्रमाने उभे केले आणि उजेडात नेऊन पाहिले.

१, ३ आणि ४ फिकट तपकिरी. २ च्या टोकाला आणि आट्यांवर ओलसर काळं तेल. ५ आणि ६ ची चिनी मातीची टोकं मात्र बाकीच्यांपेक्षा स्पष्ट पांढरी, ही पातळ मिश्रणाची खूण. शिसंविरहित पेट्रोलवर प्लग जुन्या तक्त्यांतल्या चित्रांइतके तपकिरी होतच नाहीत, त्यामुळे एकट्या प्लगच्या रंगावर मी फार विसंबत नाही. सहांमध्ये वेगळा कोण, ते पाहते. सगळेच कोरडे काळे निघाले असते तर कार्बोरेटरकडे बोट दाखवता आलं असतं. इथे कार्बोरेटर एकच, तो सहांनाही पेट्रोल पुरवतो, मग शेजारशेजारच्या दोघांचंच मिश्रण पातळ का? या इंजिनात ५ आणि ६ मिळून एकाच इनटेक पोर्टमधून हवा घेतात. तेवढी नोंद वहीत केली आणि पुढे गेले.

प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघून घ्यावं. ठिणगीची वीज उभारणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवली, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि स्टार्टर मारला. २ नंबर थोडा कमी भरला, पण सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या वर असला की सहसा चालतं, आणि इथे तर तो बराच वर होता. पिस्टनच्या रिंगा ठीक.

आता गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर. या कामाला लोक दोन मिनिटांचं समजतात आणि मला वाटतं तिथंच घोटाळा होतो. या इंजिनाला ०.०३५ इंच, म्हणजे जवळपास ०.९ मिलिमीटर गॅप लागते. जुन्या प्लगांत ती झिजून ०.०४५ च्याही पुढे गेली होती, पण चपट्या पात्याच्या फीलर गेजने मोजली तर ०.०४० च दिसायची. याचं कारण प्लग डोळ्याजवळ धरल्यावर कळतं. वरच्या वाकड्या इलेक्ट्रोडच्या पोटाला ठिणगीने खळगा पाडलेला असतो. चपटं पातं त्या खळग्याच्या काठांवर टेकतं, आत उतरत नाही. म्हणून वापरलेला प्लग मोजायचा तर गोल तारेचं गेज हवं.

नवे प्लग त्याच हीट रेंजचे, म्हणजे तेवढीच उष्णता बाहेर टाकणारे, घेतले. डबीतून गॅप लावूनच येतात, असं बरेच जण सांगतात. मी सहाही मोजले. एक ०.०३२ चा निघाला, एक जवळपास ०.०४० चा, बाकीचे मधले. सुटे सुटे पाहिले तर यातला कुठलाच वाईट नाही. पण आयडलिंगला इंजिनाचे सहा ठोके एकसारखे पडायला हवेत, आणि ठिणगीला लागणारा विजेचा दाब गॅपनुसार बदलतो. गॅप वाढली की कॉइलला जास्त व्होल्टेज उभारावं लागतं. गॅप फार कमी ठेवली तर ठिणगी सहज पडते, पण ती तोकडी असते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि त्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला. असं मिश्रण तोकड्या ठिणगीने कधी पेटतं, कधी नाही. फार जास्त ठेवली तर उभ्या उभ्या इंजिन छान वाटतं, आणि चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला, आत दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं आणि मिसिंग, म्हणजे ठोके चुकणं, सुरू होतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांना ०.०४५ किंवा त्याहून मोठी गॅप चालते, कारण त्यांची कॉइल तेवढा जोर देऊ शकते. तो आकडा पाहून पॉइंटवाल्या इंजिनाला मोठी गॅप देण्यात काही अर्थ नाही.

गॅप वाढवायची तर गेजच्या कडेला असलेल्या खाचेत फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड पकडून तो किंचित उचलायचा. नाण्यासारखं गोल, कडेला उतार असलेलं एक गेज मिळतं. ते गॅपमध्ये घुसवून तरफेसारखं दाबलं की जोर मधल्या इलेक्ट्रोडवर येतो आणि त्याच्याभोवतीच्या चिनी मातीला तडा जाऊ शकतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, महिनाभराने मिसिंगच्या रूपाने दिसतो. मी ते गेज वापरत नाही. गॅप कमी करायची तर प्लग उलटा धरून बाहेरचा इलेक्ट्रोड लाकडी फळीवर हलकेच टेकवायचा, मोजायचं, पुन्हा टेकवायचा. ०.०३५ ची तार दोन्ही बाजूंना जेमतेम घासत सरकली पाहिजे. ०.०३० ची सैल जाते आणि ०.०४० ची अडते, एवढं झालं की माप बसलं.

माप बसल्यावरही एक गोष्ट बघायची राहते. प्लग खिडकीसमोर आडवा धरला की गॅपमधून उजेडाची पट्टी दिसते. ती एकसारख्या जाडीची हवी. एका बाजूला निमुळती दिसली तर बाहेरचा इलेक्ट्रोड तिरका आहे, मग ठिणगी नेहमी त्या अरुंद कोपऱ्यातच पडणार आणि तेवढीच जागा झिजणार. सहांपैकी दोन असे तिरके होते. बारीक पकडीने सरळ केले, पुन्हा मोजले.

बसवताना प्लगच्या मागच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि नळी फिरवत आटे धरले. आटे वाकडे धरले जात असतील तर नळी घसरते, हेड खराब होत नाही. पान्याने तेच काम केलं तर पाना काही सांगत नाही, तो आटे कापत आत जातो. हे वॉशरवाले १४ मिलिमीटरचे प्लग होते. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत काम संपतं, नवा वॉशर चेपला जातो तो हाताला समजतो. बिनवॉशरच्या, उतरत्या बैठकीच्या प्लगाला एवढं फिरवायचं नाही, तिथे फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो.

वायरींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने पाहिला. ३ नंबरची वायर बाकीच्यांच्या कितीतरी पट दाखवत होती आणि वाकवली की आकडा पळायचा. पूर्ण संच बदलला. सहा प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आतल्या अंगाला दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ होती. ती चरा नव्हती, कार्बनची वाट होती, वीज तिथून पळून शेजारी जात होती. कॅप आणि रोटरही नवे घातले.

कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढची साठेक वर्षं जगभरच्या बहुतेक गाड्या तिच्यावरच चालल्या. तिच्यात लपलेलं काही नाही हे मला आवडतं. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये प्रवाह भरतो, उघडले की ठिणगी. माझ्या ट्रकच्या पॉइंटांवर एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा तयार झाला होता. असं धातू इकडून तिकडे गेलेलं असलं की पॉइंटांमधली ठिणगी शोषणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्यावा, म्हणून कंडेन्सरही बदलला. नवे पॉइंट बसवून, कॅमचं टोक बरोबर घासणाऱ्या ठोकळ्याखाली आणून पॉइंटांमधलं अंतर ०.०१९ इंच ठेवलं. फीलरचं पातं आधी कोरड्या फडक्याने पुसून घेतलं, कारण त्यावरचं तेल पॉइंटांच्या तोंडाला लागलं की ती तोंडं जळतात. इंजिन सुरू करून ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तेवढा कोन, पाहिला, ३२ अंश आला. मॅन्युअल ३१ ते ३४ म्हणतं. रेस वाढवल्यावरही तो फारसा हलला नाही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा बुश अजून शाबूत.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, यानंतर. ड्वेल बदलला की टायमिंग बदलतं, उलट होत नाही, त्यामुळे या दोघांचा क्रम चुकवून चालत नाही. आता इंजिन ६५० वर कसंबसं तग धरत होतं. हे महत्त्वाचं होतं, कारण ९०० वर डिस्ट्रिब्युटरमधली, वेगानुसार ठिणगी आधी पाडणारी वजनं उघडायला लागलेली असू शकतात, आणि मग टायमिंग लाइटखाली दिसणारा आकडा मूळ टायमिंगचा नसतो. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून तिचं तोंड बंद केलं, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून पिस्टनच्या सगळ्यात वरच्या बिंदूच्या ४ अंश आधी खूण जुळवली आणि बोल्ट आवळला.

एवढं होऊनही थरथर पूर्ण गेली नव्हती. मग मिक्श्चरचा स्क्रू आत घेऊन पाहिला, फक्त परीक्षा म्हणून. हा स्क्रू पूर्ण आत गेला की आयडलिंगचं पेट्रोल तुटतं आणि इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही. आवाजही फारसा बदलला नाही.

याचा अर्थ आयडलिंगचं पेट्रोल त्या स्क्रूच्या भोकातून येतच नव्हतं. थ्रॉटलची चकती बंद असते त्या जागेच्या जरा वर कार्बोरेटरच्या भिंतीत एक उभी फट असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सुरुवात केली की चकती ती फट उघडते आणि तिथून पेट्रोल यायला लागतं, म्हणजे आयडलिंग आणि मुख्य जेट यांच्यामधला काळ भरून निघतो. कुणी थ्रॉटलचा स्क्रू जास्त आवळून ठेवला तर ही फट उभ्या गाडीतही उघडीच राहते. मग मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा, त्याला विचारतो कोण. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचं भोकही तिथंच असतं, तेही उघडं पडतं आणि आयडलिंगला नको असलेला अ‍ॅडव्हान्स मिळतो. किल्ली बंद केल्यावर इंजिन खोकत राहायचं त्याची मुळंही इथेच होती. ठिणगी बंद झाली तरी उघड्या थ्रॉटलमधून मिश्रण आत येत राहतं आणि सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बनच्या कणांवर पेटतं.

पण थ्रॉटल कमी केला की इंजिन मरत होतं. कुठून तरी न मोजलेली हवा आत येत असणार. आतली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीला, जोडलं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, उंचीवर दर १००० फुटांना साधारण १ इंच कमी धरायचं. माझा काटा १४ वर स्थिर होता. थडथडता काटा व्हॉल्व्हकडे किंवा एखाद्या सिलिंडरकडे बोट दाखवतो. स्थिर पण खाली असलेल्या काट्यामागे बहुधा मागे पडलेलं टायमिंग किंवा हवेची गळती असते. टायमिंग आत्ताच बसवलं होतं, उरली गळती, आणि पांढरे प्लग ५ आणि ६ चे.

गळती शोधायला अनेक जण कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. तापलेल्या एक्झॉस्टवर ज्वलनशील फवारा मारायची माझी तयारी नव्हती. बाटलीतून पाण्याचा बारीक तुषार मारत गेले, कार्बोरेटरच्या बुडापासून सुरू करून, प्रत्येक नळीवर, मग मॅनिफोल्डच्या सांध्यांवर. मागच्या टोकाला, ५-६ च्या पोर्टपाशी तुषार पडला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर सुधारला, गेजचा काटा दोन इंच वर चढून परत खाली आला. पाणी तेवढा वेळ फट बुजवत होतं.

बोल्ट आवळून भागलं नाही. मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा गॅस्केट त्या टोकाला चेपून फाटलेलं दिसलं. मॅनिफोल्डच्या तोंडाला सरळपट्टी लावली, वाक नव्हता. नवं गॅस्केट घालून बोल्ट मधून सुरुवात करत बाहेरच्या बाजूला टप्प्याटप्प्याने आवळले, आणि इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा पाहिले.

आणि मग कार्बोरेटर. ट्रक उघड्यावर उभा केला, कारण बंद जागेत चालत्या इंजिनाजवळ इतका वेळ घालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ओढणं. हॅंडब्रेक, चाकांना उटी, गिअर न्यूट्रलला. एअर क्लीनर जागेवरच ठेवला, तो काढून जुळवलेलं मिश्रण तो लावल्यावर बदलतं. थ्रॉटलचा स्क्रू पूर्ण मागे घेतला, मग लिव्हरला नुसता टेकवून वर एक फेरा दिला. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत आणि तिथून दीड फेरा बाहेर. इथे जोर लावला की सुईच्या टोकाला कायमची खाच पडते. सुई काढून पाहिली होती, तशी खाच होती, म्हणून ती बदलून घेतली.

इंजिन पूर्ण गरम होऊन चोक, म्हणजे थंड इंजिनात हवा अडवणारी झडप, सरळ उभा राहिल्यावर स्क्रू पाव पाव फेरा आत घेत गेले, प्रत्येक वेळी थोडं थांबून. थांबणं गरजेचं, कारण इंजिन लगेच उत्तर देत नाही. मिश्रण पातळ होत गेलं की मधूनच एक ठोका चुकतो, एक्झॉस्टमधून फस्स असा आवाज येतो आणि गेजचा काटा खाली झुकतो. बाहेरच्या बाजूला नेलं की ठोके चुकत नाहीत पण इंजिन जड, आळसावल्यासारखं चालतं, आणि डोळ्यांना झोंबणारा पेट्रोलचा वास येतो. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो जिथे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. त्या पट्ट्याच्या पातळ बाजूला, काटा उतरायला लागण्याच्या किंचित अलीकडे मी स्क्रू ठेवला. वेग वाढलेला होता, तो थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणला, आणि वेग बदलल्यामुळे मिक्श्चर पुन्हा एकदा तपासलं. दोघं एकमेकांना ओढतात, म्हणून हे आलटून पालटून करावं लागतं. काटा १९ वर आणि टॅकोमीटर ५२५ वर आल्यावर थांबले. आता मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घेतला की इंजिन मुकाट्याने बंद पडतं.

थंड इंजिनासाठी चोकच्या कॅमवरचा फास्ट आयडल, म्हणजे थंडीतला वाढीव वेग, वेगळा लावावा लागतो, कारण त्याचा स्क्रू त्याच लिव्हरवर असतो आणि मूळ आयडलिंग खाली आलं की तोही खाली येतो. तो मॅन्युअलमधल्या पायरीवर ठेवून जुळवला. गिअर आता आवाज न करता पडतो आणि किल्ली फिरवली की इंजिन थांबतं.

काही आठवडे चालवून प्लग पुन्हा काढून पाहिले. ५ आणि ६ बाकीच्यांच्या रंगावर आले आहेत. २ नंबर अजून तेलकट आहे. कॉम्प्रेशन ठीक असल्यामुळे माझा संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आहे. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली बारीक मोकळी जागा) बघायला व्हॉल्व्ह कव्हर उघडीन तेव्हा सीलही बदलणार आहे. तोवर तो एक प्लग मधूनमधून काढून पुसते.